पानवालीचा सूड

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या पालघरकडच्या माणसांचे हात विळ्यासाठी शिवशिवतात. माझी जीभ शिवशिवते. उमरोळीच्या आसपास, रुळांच्या दोन्ही अंगांना, गोदामांनी आणि टॉवरांनी गिळून उरलेली शेतं अजून आहेत. आश्विनातल्या कोरड्या उन्हात ती तापतात आणि एक वास सुटतो, थोडा सुकत्या चिखलाचा, थोडा पिकल्या दाण्याचा. बोईसर येईपर्यंत त्यात कारखान्यांचा आंबूस वास मिसळतो. लोकांना या दिवसांत दिवाळी आठवते. मला वैजापूरकर सर आठवतात.

परवा मला कपाटापुढे पुन्हा पुन्हा साड्या बदलताना पाहून माझी नात सई म्हणाली, "आजी, तू सूड घ्यायला चालली आहेस की हळदीकुंकवाला?"

"दोन्हीकडे नीट नेसूनच जावं लागतं," मी म्हटलं.

मी डॉक्टर आहे. साधी एमबीबीएस. बोईसरला माझा दवाखाना होता, अजूनही सकाळचा थोडा वेळ असतो. शिफ्ट सुटली की बस दवाखान्यासमोर थांबे आणि धुळीबरोबर पेशंट आत येत. "मॅडम, चक्कर आ रहा है," म्हणणारा बिहारचा पोरगा, ॲसिडचा थेंब उडून हाताचं सालपट गेलेला हेल्पर, भाड्याच्या खोलीत सात जणांचा स्वयंपाक करून कंबर धरलेली बाई. साधी एमबीबीएस का, हे मला कुणी विचारत नाही. पाटीवर डिग्रीपुढे बरीच जागा कोरी आहे, ती फक्त मलाच दिसते.

त्या जागेत एमडी यायचं होतं. एका मोठ्या इस्पितळात मला मेडिसिनची निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळाली होती. आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीतून इतकं शिकलेली मी पहिलीच. बाबांचा पानमळा होता. विड्याची पानं. मळ्यात शिरलं की बाहेर कितीही ऊन असो, आत हिरवा अंधार आणि पायाखाली गार ओल. बाबा पानं खुडताना बोलत नसत. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला कायम हिरवी कड असे. तेवढी पानं विकून त्यांनी मला डॉक्टर केलं आणि मुंबईला पाठवलं.

आणि मुंबईला जाऊन काय पोचलं, तर एक येडी. मला त्या मुलीची आज इतकी मजा वाटते! तेल चापून घातलेली घट्ट वेणी, कांजी केलेला ॲप्रन, खिशात चार रंगांची पेनं, आणि डोळ्यांत वैजापूरकर सर. सर आमचे रजिस्ट्रार, म्हणजे आमच्याहून थोडे मोठे निवासी डॉक्टर. देखणे नव्हते. पण त्यांच्या ॲप्रनला कडक इस्त्री असायची, आणि माझ्या अकलेला तेवढं पुरलं. ते माझं बोलणं दुरुस्त करत. "हाय नाही, आहे. नाय नाही, नाही." मला वाटे, इतक्या जणांत सर आपल्याकडेच लक्ष देतात! कुणी चिमटा काढावा आणि आपण त्याला बांगडी भरली समजावं, तसं. आठवडाभरात माझी बोली मी गाठोड्यात बांधून हॉस्टेलच्या खाटेखाली ढकलली. सुट्टीत घरी गेले तर बाबांना शिकवायला बसले.

"बाबा, 'नाय' म्हणायचं नाही. 'नाही' म्हणायचं."

बाबा पानांच्या गड्ड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं बाय. आता नाय म्हननार नाय."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज हे वाक्य आठवलं की मी एकटीच हसते, आणि मग हसणं गिळते.

असाच कापणीचा हंगाम होता. सकाळी अपघात विभागात एक बाई नवऱ्याला हाताला धरून, जवळजवळ ओढत घेऊन आली. बाई उमरोळीकडची, बाळी तिचं नाव. ते दोघं खळ्यावर झोपले होते, भाताचे भारे राखायला. पहाटे नवरा उठला तो पोट धरून, आणि मुंबईच्या गाडीत त्याचे डोळे मिटायला लागले. जीभ जड झाली. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. बाळी रडत नव्हती. नीट सांगत होती.

"सायेब, माज्या मान्साला पान लागलाय."

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. त्याचं नाव घ्यायचं नसतं. म्हणून 'पान लागलं'. आमच्या मळ्यात तर पान खुडलं जाई, विकलं जाई, खाल्लं जाई आणि लागतही असे. कुठलं पान ते सांगणाऱ्याच्या तोंडावरून कळे. बाळीच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण सर कागदाकडे पाहत होते.

"पान? तंबाखू घातलेलं होतं का? किती खाल्लं?"

"खाल्ला नाय सायेब, लागला!"

"हो, हो, लागतं. सवय नसली की लागतं."

मी पुढे झाले. माझ्या नव्या, धुतलेल्या मराठीत म्हणाले, "सर, पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे तसं म्हणतात. मण्यार असेल. तिचा डंख दिसत नाही, पण डोळे असेच मिटतात."

सर हसले. चार विद्यार्थी उभे होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या बापाचा पानमळा आहे, तेव्हा हिला सगळीकडे पानच दिसणार. पानवाली, जा, तू गिऱ्हाईक बघ."

विद्यार्थी हसले. बाळी हसली नाही, तिला हसण्यातलं काही कळलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आपलं माणूस सापडल्यासारखी. मी कानापर्यंत लाल होऊन तिथेच उभी. थोड्या वेळाने त्या माणसाचा श्वास वर लागला, आणि नेमके तेव्हाच आमचे मोठे सर राउंडला आले. "काय आहे हे?" त्यांनी विचारलं. वैजापूरकर सर पापणी न हलवता इंग्रजीत म्हणाले, माझा संशय सर्पदंशाचा आहे, बहुधा मण्यार. मोठ्या सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. विषावरची लस दिली, श्वासाची नळी घातली, माणूस वाचला. बाळी जाताना वैजापूरकर सरांच्या पाया पडली.

आणि आमच्या येडीने काय केलं? भांडली? छे. हॉस्टेलच्या न्हाणीघरात आरशापुढे उभी राहून तिने फर्डी भाषणं केली. त्यांत सर दरवेळी कोसळत, रडत, क्षमा मागत. प्रत्यक्षात वॉर्डात सगळे तिला 'पानवाली' म्हणायला लागले आणि ती ओ देऊ लागली. शेवटी दिवाळीच्या आत तिने पाय आपटून जागा सोडली. केवढा बाणेदारपणा! तिची खात्री होती की ही बातमी ऐकून सरांना हादरा बसेल. पुढे एका मैत्रिणीने सांगितलं, सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, "ती कॅज्युअल्टीची किल्ली कुणाकडे असायची?"

म्हणजे बघा, सूड घेतला आणि ज्याचा घेतला त्याला पत्ताच नाही. असा सूड पोटात राहिला की नासत नाही. मुरतो. लोणच्यासारखा.

मुरू दिला. लग्न केलं, बोईसरला आले, पोरं झाली, दवाखाना वाढला. बोली पुन्हा खाटेखालून काढली, कारण शेजारच्या बेटेगावची बाई 'आहे-नाही'वाल्या डॉक्टरणीला पोटातलं सांगत नाही. वर्षं गेली. आणि काही वर्षांमागे बातमी आली की एका विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय पालघरला निवासी डॉक्टर तयार करणार आहे. इथेच शिकायचं, इथेच राहायचं, इथलेच पेशंट बघायचे, आणि काही दिवस बोईसरला माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात बसायचं. मला इतका आनंद झाला की रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं. भाजलेला कामगार रिक्षातून उतरवायचा आणि पुन्हा गाडीत घालून मुंबईला नाहीतर गुजरातेत पाठवायचा, वाटेत तो कुठे गेला हे नंतर कळायचं, हे मी आयुष्यभर केलं होतं.

पहिल्या बैठकीला मला स्थानिक सभासद म्हणून बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजू. मुख्य सल्लागार आत आले. केस पांढरे, हातात काठी, शर्टाला कडक इस्त्री.

मी उभी राहिले.  न्हाणीघरातली सगळी भाषणं रांगेत येऊन उभी राहिली.

सर म्हणाले, "नमस्कार मॅडम. आपण इथल्याच का? वा!"

ओळखलं नव्हतं. नाव सांगितलं, तरी नाही. लग्नानंतरचं आडनाव, शिवाय वेणीच्या जागी पांढरा अंबाडा. मी खाली बसले. आणि मग निवासी डॉक्टरांना स्थानिक भाषा का यायला हवी, यावर बोलता बोलता सरांनी एक गोष्ट सांगितली. "मी तरुण असताना या भागातलाच एक पेशंट आला. पान लागलं म्हणाले. आमच्याकडे एक हाऊस ऑफिसर होती, याच बाजूची, पानमळेवाल्याची मुलगी. ती बिचारी म्हणाली, सर, याने पान खाल्लंय! मी म्हटलं, थांब. हा साप आहे."

टेबलाभोवती सगळे हसले. सराईत हशा होता, आणि सरांनी त्याच्यासाठी नेमकी तेवढी जागा सोडली होती. ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं सांगितली असणार, आणि दर सांगण्यात ती मुलगी थोडी थोडी मूर्ख होत गेली असणार.

तेव्हाच ओरडले असते. पण जागा, मान्यता, वसतिगृह, सगळं या माणसाच्या शब्दावर हलत होतं. मी तमाशा केला असता तर अभ्यासक्रम बारगळला असता, आणि बोईसरचे भाजलेले हात पुन्हा हायवेवर गेले असते. म्हणून मी बारीक-सारीक सूडांवर भागवलं. त्यांची खुर्ची पंख्याचा वारा पोचत नाही तिथे ठेवायला शिपायाला सांगितलं. त्यांना मधुमेह आहे कळल्यावर प्रत्येक बैठकीला गरम जिलेबी मागवली आणि त्यांच्यासमोर चवीने खाल्ली. सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी डब्यात नेली आणि झाकण त्यांच्याच बाजूला उघडलं. तुम्ही म्हणाल, पोरकट. आहेच मुळी. मोठा सूड परवडत नाही तेव्हा माणूस किरकोळीत घेतो.

अभ्यासक्रमाला मान्यता आली, पहिली तुकडी आली, स्वागताच्या सभेत सरांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. आता मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी जागेवरून म्हटलं, "सर, ती मुलगी मी."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चहाच्या वेळी कोपऱ्यात येऊन हात जोडले. "बाई, माझ्या खरंच तसंच लक्षात होतं. मला क्षमा करा."

"क्षमा राहू द्या," मी म्हटलं. "दर कापणीला नवी तुकडी येईल. दर तुकडीला ही गोष्ट सांगायची, पण झाली तशी. मी पहिल्या रांगेत बसणार."

सर कबूल झाले. आणि इथेच मी, इतकी पिकलेली बाई, पुन्हा फसले.

कारण सर बोलतात सुंदर. पुढच्या वर्षी त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आपण चुकलो, एका हुशार मुलीचं ऐकलं नाही, तिचं श्रेय घेतलं. आवाज नेमका जिथे भरून यायला हवा तिथे आला. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. "केवढा मोठा माणूस! या वयात किती प्रांजळपणा!" मला कुणी पाणीही विचारलं नाही. त्यानंतरच्या वर्षी तर त्यांनी मला देवीच करून टाकलं. मी म्हणे निधड्या छातीने त्यांच्याशी वाद घातला होता! आधी मला मूर्ख करून ते मोठे झाले, आता मला थोर करून आणखी मोठे झाले. गोष्ट माझी, पान माझं, लाल तोंड त्यांचं.

तरी मी सोसलं असतं. पण त्या टाळ्यांनंतर वॉर्डाच्या जिन्यात मी एक हाक ऐकली. "ए लातूर! तुझा पेशंट काय म्हणतोय बघ, तुझ्याच भाषेत बोलतोय." हाक मारणारा शिकवणारा डॉक्टर होता, आत्ता पुढच्या रांगेत डोळे पुसत होता तोच. आणि लातूरची ती पोरगी हसून ओ देत जिना उतरत होती. तिचं हसणं मी ओळखलं. त्या हसण्यात मी राहिले आहे.

म्हणून यंदा साडी बदलणं चाललं होतं. सईने स्कूटरवरून नेलं. वाटेत कापलेल्या शेतांत बगळे उतरले होते, भारे डोक्यावर घेतलेल्या बाया बांधावरून चालत होत्या. सभागृहात सर काठी टेकत उठले, माइक नीट केला. मी स्टेजवर चढले.

"बसा सर. यंदा गोष्ट नको. यंदा करून दाखवू. मी बाळी, आणि तुम्ही तुम्हीच."

पोरं खूश झाली. सरही हसले, त्यांना स्टेज आवडतं. मी पदर खोचला, आणि आमच्या वाडीतल्या, बाबांच्या बोलीत, सुद्ध-असुद्ध न बघता म्हणाले, "सायेब, माज्या मान्साला पान लागलाय. डोलं उगडत नाय."

सर माझ्याकडे झुकून, अगदी मायेने म्हणाले, "बसा बाई. घाबरू नका. मला नीट सांगा."

"हा नाय. असा नव्हता इच्यारला. तवा इच्यारला तसा इच्यारा."

सर थांबले. पुढच्या रांगेत थोडं हसू आलं, मग विरलं. "तंबाखू होतं का पानात?" ते हळूच म्हणाले.

"फुडं?"

"पुढे..." त्यांनी आठवलं. खरंच आठवून पाहिलं, तो चेहरा खोटा नव्हता. "पुढे मी काय म्हणालो होतो?"

जे वाक्य मी निम्म्याहून जास्त आयुष्य घासून पुसून ठेवलं, ते त्यांच्याकडे नव्हतंच. मग मी दिलं. त्यांच्याच तरुण आवाजात, त्यांच्याच स्वच्छ उच्चारांत, माइकवरून. बापाचा पानमळा. सगळीकडे पानच दिसणार. पानवाली, गिऱ्हाईक बघ. शेवटचा शब्द मी त्या जिन्यातल्या डॉक्टरकडे बघून म्हटला. तो वहीत बघू लागला.

सरांनी मागची खुर्ची चाचपली. ते खाली बसायला लागले. तुम्हाला वाटेल, इथे मी त्यांना हात दिला. नाही दिला.

"बसू नका ना सायेब," मी म्हटलं, "माजा मानूस मरतोय. इच्यारा कायतरी."

सर उभे राहिले.  मग माझ्या तोंडाकडे पाहून, इस्त्री उतरलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, पान लागलं म्हणजे काय?"

आणि सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला आला तेवढा राग आरशापुढे कधी आला नव्हता. एवढंच! एवढंच विचारायचं होतं त्या दिवशी. एका दमात विचारून झालं असतं. त्यापायी माझ्या पाटीवर केवढी जागा कोरी राहिली!

मी बाळीसारखं सांगितलं, पान म्हणजे काय ते. लातूरची पोरगी सर्वांत पुढे येऊन उभी राहिली होती आणि आता हसत नव्हती. मागून कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. मी त्याच्याकडे असं बघितलं की ते हात मुकाट्याने मांडीवर गेले.

काल सरांचा फोन आला. गुडघे फार दुखतात म्हणाले, पुढच्या वर्षी जमेलसं वाटत नाही.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मी गाडी पाठवते."